साडेबाराचा मुहूर्त

तो दिवस मी विसरलो, असं एकदाही झालं नाही. विसरायचा प्रयत्न मात्र पुष्कळ केला. नोकरीत असताना हाताखालून खून गेले, दरोडे गेले, वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फुटलेली डोकी तर किती गेली याला हिशेब नाही. त्यांतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे प्रकरण साधं होतं. त्यात कोणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही, कोर्टात खटला उभा राहिला नाही. एका खेड्यातल्या लग्नाची हकिगत, एवढंच. आणि ती मी आजवर लोकांना नेहमी अर्धीच सांगितली. अर्धी ऐकून लोक हसत आणि माझं कौतुक करत. आज उरलेली अर्धीही लिहितो.

आमचा वर्धा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणत आणि मी सव्वीस वर्षांचा ठाणेदार होतो. कौलारू ठाणं, एक कोठडी, एक हवालदार, पाच शिपाई, एक सायकल. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, हे रोजनामच्यात वेळेसकट लिहावं लागे. वरिष्ठ तपासणीला आले की पाणी प्यायच्या आधी रोजनामचा मागत. त्यात लिहिलेलं तेच घडलं, अशी आमच्या खात्याची श्रद्धा.

माघ महिना होता. लग्नसराई जोरात. एके दिवशी टपालात एक निनावी पत्र आलं. आंजीच्या बाजूच्या एका खेड्याचं नाव होतं, ठाण्यापासून चार मैलांवरचं. मजकूर असा की, या गावात उद्या दुपारी साडेबाराला एक लग्न आहे. नवरदेव विलायतेत आहे असं सांगतात. नवरी कोण, कुठली, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरात कुठून तरी लहान मुलगी फूस लावून आणून लपवली आहे आणि तिचं भलत्याशीच लग्न लावणार आहेत. खाली ‘एक हितचिंतक’.

निनावी पत्रं लिहिणारा माणूस बहुधा जवळचा असतो. परक्याला एवढी माहिती नसते आणि एवढा रागही नसतो. पण हे शहाणपण मला पुढे आलं. त्या दिवशी मी पत्र वाचलं आणि मुलगी सोडवून आणणारा ठाणेदार म्हणून माझं नाव जिल्ह्याला कळेल, एवढंच मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी त्या गावात पोचलो. घर भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्याचं. अंगणात मांडव, जांभळीच्या डहाळ्या, चुलवणावर वांग्याच्या भाजीचं गंज. परातीत बुंदी रचलेली. बाया हळदीनं पिवळ्या झालेल्या. आणि मांडवाच्या मध्यभागी एकच पाट, त्यावर नवरदेव नाही की नवरी नाही.

नावं लिहायची नाहीत असं मी ठरवलं आहे. म्हणून घरधन्याला वरबाप म्हणतो आणि त्याच्या बायकोला वरमाय. त्या दिवशी त्यांचं तेच नाव होतं.

वरबाप पुढे आला. पंचेचाळिशीचा, सडपातळ, नवं धोतर.

“या जी साहेब. जेवाले लवकर आले.”

“नवरदेव कुठे आहे?”

“विलायतेत. सुताच्या मशिनी बनवाचा कारखाना हाय, तिथं शिकून राह्यला. आज तिकडं त्याचं लगन, अन् आज इकडं बी मांडव.”

“नवरदेवाशिवाय?”

मागून वरमाय बोलली. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. “तो तिकडं बोहल्यावर चढन तं इकडं त्याच्या मायनं का वावरात वांगे तोडत बसाव? माया पोराचं लगन हाय. मी मांडव टाकीनच.”

“ठीक. नवरी कोण? नाव काय?”

इतका वेळ घडाघडा बोलणाऱ्या वरबापानं आजूबाजूला पाहिलं. अंगणातली भांड्यांची खणखण थांबली होती. सगळे कान आमच्याकडे लागले होते.

“मुंबईकडली हाय,” तो म्हणाला.

“नाव?”

“साडेबारा नंतर सांगतो जी. अक्षता पडल्या का सारं सांगतो.”

पोलिसाला असं उत्तर मिळालं की त्याला अर्धा गुन्हा सापडल्यासारखं वाटतं. मी घराची झडती घेतली. कोठ्या, माळा, गुरांचा गोठा, कडब्याच्या गंजीमागची जागा, सगळं पाहिलं. मुलगी नव्हती. तरी मी वरबापाला म्हणालो, “ठाण्यात चला. चौकशी आहे.” त्यानं डोक्याला पागोटं बांधलं, कुडत्याच्या आतल्या खिशावर हात ठेवून पाहिला आणि बायकोला म्हणाला, “येतो मी साडेबाराच्या आंधी. पंगतीले आंधी लेकरं नोको बसवू.”

साडेनऊला आम्ही ठाण्यात पोचलो. तशी नोंद मी केली. ही नोंद खरी आहे.

चौकशी करताना मी त्याला उभं ठेवलं नाही, हात लावला नाही. एवढं माझ्या बाजूनं. एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिलो. नवरी कुठली? कोणाची? तुम्ही तिला पाहिलं का? तिचे आईबाप लग्नाला का नाहीत? तो दर वेळी दाराकडे पाही. दारात एक शिपाई उभा होता.

“याले भायेर पाठवा,” तो शेवटी म्हणाला.

“का?”

“याची सासुरवाडी आमच्याच गावची हाय.”

मी शिपायाला पाठवलं नाही. संशयितानं अट घालायची आणि ठाणेदारानं ऐकायची, हे मला पटलं नाही. उलट त्याच्या खिशाकडे जाणारा हात मी दोन-तीनदा पाहिला होता. माणूस जे लपवतो, त्यावर त्याचा हात आपोआप जातो. मी म्हणालो, “खिशात काय आहे ते टेबलावर ठेवा.”

त्यानं ठेवलं. विलायतेचं तिकीट असलेलं एक पाकीट. त्यात मुलाचं चार पानी पत्र आणि एक फोटो.

फोटोत कोट घातलेला सावळा तरुण होता आणि त्याच्या शेजारी, त्याच्या दंडाला धरून, एक गोरी मुलगी उभी होती. अगदी गोरी. विलायतेचीच. चांगली बावीस-तेवीस वर्षांची आणि त्याच्यापेक्षा बोटभर उंच.

मी पत्र वाचलं. बारीक, दाटीवाटीचं अक्षर. मुलगी त्याच कारखान्यात कामाला होती. तिच्या बापाला आधी पसंत नव्हतं, आता आहे. सरकारी कचेरीत लग्न नोंदवणार होते. तारीख आजची, वेळ दुपारी साडेबारा. ‘आईनं पाठवलेली हळद पोचली. लग्नाच्या दिवशी सकाळी मी आधी लावीन आणि माझी उष्टी हळद तिला लावीन, आईला सांगा काळजी करू नको.’ नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावल्याशिवाय आपल्याकडे लग्न लागत नाही. त्यासाठी या बाईनं हळकुंडं कुटून समुद्रापार पाठवली होती.

सगळा उलगडा झाला. मुलगी लपवलेली नव्हती, तिचा वर्ण लपवलेला होता. जातीतल्या लोकांना आधी कळलं असतं तर एक माणूस पंगतीला आला नसता. म्हणून वरबापानं ठरवलं होतं की फोटो कापडाखाली झाकून पाटावर ठेवायचा, वर अक्षता पडू द्यायच्या, मग कापड काढायचं. अक्षता पडल्या की लग्न लागलं. लागलेलं लग्न मोडायला कोण पुढे येतो?

ठाण्याच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बैलगाडीनं तासाभराचा रस्ता. तो वेळेवर पोचला असता.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगत आलो. यापुढची एक फट मी नेहमी उडी मारून ओलांडली.

मी पत्राची घडी घातली, तसा वरबाप उठला. चेहरा मोकळा झालेला. हसत म्हणाला, “झालं ना जी? मी म्हनलं ठाणेदार साहेब शिकलेला मानूस, एका घडीत वाचन. तुमी तं पह्यल्या वर्गातलं पोट्टं अक्षर लावते तसे लावून राह्यले!”

हवालदार हसला. दारातला शिपाई तर तोंडावर हात धरून हसला.

आज मला कळतं की तो टोमणा नव्हता. दोन तास छातीवर बसलेलं ओझं उतरलं की आपल्याकडचा माणूस आधी थट्टा करतो, मग पाणी मागतो. पण मी सव्वीस वर्षांचा होतो, अंगावरची वर्दी नवी होती आणि माझ्या ठाण्यात माझे शिपाई मला हसले होते.

“खाली बसा,” मी म्हणालो. “चौकशी संपलेली नाही.”

“आता काय राह्यलं जी?”

“ते मी ठरवीन.”

हवालदार माझ्या मागे व्हरांड्यात आला. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. हळूच म्हणाला, “साहेब, सोडून देऊ का? त्याच्या घरी कार्य आहे.”

“मी जेवून येतो,” मी म्हणालो.

आणि मी घरी जाऊन जेवलो. काय जेवलो तेही सांगतो: ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, वर ताक. जेवून थोडा आडवा झालो. डोळा लागला नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजताना मी पाहिले. उठलो नाही. सव्वाला ठाण्यात परत आलो आणि म्हणालो, “जा तुम्ही.”

त्याला अडकवून ठेवायला मला कायद्याचा कोणताही आधार नव्हता. संशय संपल्यावर माणसाला क्षणभर बसवून ठेवता येत नाही, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो.

तो उठला नाही. बाकावर बसून राहिला. पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं.

“जाऊन काय करू जी आता?” तो म्हणाला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. “तिकडं लगन लागून गेलं असन. इकडं बापाच्या हातच्या अक्षता पडल्याच नाई. एकच पोरगा हाय मले.”

मला कुठे पाहावं कळेना. काहीतरी करतो आहे असं दाखवायला मी रोजनामचा उघडला आणि कागदपत्रांचं वर्णन लिहिण्यासाठी पत्र पुन्हा हातात घेतलं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. सकाळी घाईत नजर तिच्यावरून घसरली होती. ‘सकाळी सातला इथे कारखान्याचा भोंगा होतो. दाट धुकं असतं. तेव्हा तिकडे तुम्ही वावरातून दुपारच्या जेवणाला घरी येत असाल, असं रोज मनात येतं.’

मी ती ओळ दोनदा वाचली. मग हवालदाराला हाक मारली.

“लढाईत तुम्ही तिकडे होतात. तिकडची घड्याळं मागे असतात ना?”

“हो तर. आठवडाभर आम्हाला भूक भलत्याच वेळी लागायची.”

मॅट्रिकला मी भूगोलात साडेब्याऐंशी रेखांश घोकला होता. आपलं घड्याळ विलायतेच्या साडेपाच तास पुढे. तिकडे सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. तिकडचे दुपारचे साडेबारा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. वरबाप आणि वरमायनं मुलाचं पत्र वाचलं आणि साडेबारा म्हणजे साडेबारा असं धरून मांडव घातला. एक सूर्य, एक दुपार. गावातला कोणी कधी अशा ठिकाणी गेलाच नव्हता, जिथे सूर्य वेगळ्या वेळी डोक्यावर येतो.

“उठा!” मी ओरडलोच. “लग्न लागलेलं नाही! तुमचा मुलगा आत्ता कुठे हळद लावत असेल. सहाला आहे लग्न. आपल्या सहाला!”

त्याला पटवायला दहा मिनिटं गेली. दिव्यापुढे लोटा धरून हवालदारानं त्याला पृथ्वी फिरवून दाखवली. शेवटी तो म्हणाला, “मंजे पोट्टा इतक्या दूर हाय का, का त्याची सकाळ बी आपल्या मांगं राह्यली?” आणि पागोट्यात तोंड घालून रडला.

गाडी मिळेपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि मी स्वतः पायडल मारत निघालो. धुळीचा रस्ता, गाडीवाटेच्या चाकोऱ्या. मागून तो म्हणे, “साहेब, उतरतो, चढ हाय.” मी उतरू दिलं नाही. दोन वाजून गेल्यावर आम्ही मांडवात पोचलो. वाजंत्री कडब्यावर लवंडलेली. पाहुणे दोन-दोनच्या घोळक्यात कुजबुजत होते, काहींनी बैल जुंपायला काढले होते. वरबापाचा थोरला भाऊ, जातीत मान असलेला माणूस, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

“काऊन रे,” तो म्हणाला, “पोलिसानं नेलं होतं मनतात तुले?”

वरबापानं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मग तो मोठ्यानं म्हणाला, “नेलं नाई भाऊ, बलावलं होतं. साहेबानं कागद पाह्यले, हिशोब केला, अन् मनलं का साडेबारा विलायतेचे हायेत, आपले सहा. चुकीच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या असत्या तं काय घ्या? मुद्दाम बसवून ठेवलं मले. सोताच्या सायकलवर आनून सोडलं.”

घोळके सैल झाले. एक म्हातारा म्हणाला, “पाह्य बाप्पा! सरकार असाव तं असं.” बैल पुन्हा खुंट्याला बांधले गेले.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मला वाटलं, पोलिसानं उचलून नेल्याचा डाग त्याच्या मांडवावरून पुसला गेला, बरंच झालं. हे खरं होतं. पण माझाही डाग पुसला गेला, आणि तो पुसला जाताना मला किती हलकं वाटलं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

लग्न लावणाऱ्या जोशीबुवांनी सहा ऐकल्यावर लगेच मान डोलावली. “गोरज! गाई घरी यायची वेळ. त्याला पंचांगसुद्धा लागत नाही.”

ती संध्याकाळ मात्र मी मनापासून सांगतो, कारण तिच्याइतकं गोड लग्न मी पुढे कधी पाहिलं नाही. मी चार तास तिथेच राहिलो. सनईवाल्याबरोबर चहा प्यालो, पत्रावळी लावल्या. सहाला गुरं धूळ उडवत गावात शिरली, वाजंत्री सुरू झाली. पाटावर तांब्याच्या ताटात फोटो उभा केला होता आणि त्यावर अंतरपाट. दोघं एकाच फोटोत असल्यामुळे मध्ये अंतरपाट धरायचा कसा हा प्रश्न जोशीबुवांना पडला होता. फोटोच झाकल्यानं तोही सुटला. मंगलाष्टकं झाली. वरबापानं अक्षतांची पहिली मूठ टाकली. आम्ही सगळ्यांनी टाकल्या. मीही.

मग त्यानं अंतरपाट उचलला.

मांडवातले सगळे पाटाकडे सरकले.

“अवो माय,” कोणी बाई म्हणाली, “किती गोरी!”

“हळद लागली का पिवळी होईन,” दुसरी म्हणाली, आणि दोन-चार जणी फिस्सकन हसल्या.

थोरला भाऊ हसला नाही. फोटोजवळ वाकला, सरळ झाला. “जात कोनती?”

वरबापाच्या आधी वरमाय बोलली. “कारखान्यात उभ्यानं आठ घंटे काम करते. सकाळी धुक्यात उठून जाते. आपल्यावानी कष्टाची हाय. अजून काय पायजे तुमाले भासरेबुवा?”

तो पाच-सहा क्षण उभा राहिला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो निघून गेला असता तर निम्मी पंगत त्याच्या मागे गेली असती, आणि तो मुलगा पुन्हा कधी त्या गावात पाय ठेवू शकला नसता. मग मागून कोणाचं तरी लेकरू भुकेनं रडायला लागलं. पाहुणे दुपारपासून उपाशी होते. वांग्याच्या भाजीचा वास सबंध अंगणात भरला होता.

“पोट्टी उंच हाय त्याच्यापेक्षा,” थोरला भाऊ शेवटी म्हणाला. “लहानपनी दूध पी मनलं तं पेत नव्हता. वाढा आता, का मारता लोकायले?”

मी त्याच पंगतीत जेवलो. निनावी पत्र कोणी लिहिलं हे मला पुढे कळलं. तो माझ्या शेजारीच बसला होता आणि बुंदी दोनदा मागून घेतली.

महिन्याभरानं मुलाचं पत्र आलं. वरबाप ते घेऊन ठाण्यात आला आणि मला वाचायला लावलं, हवालदारासकट सगळ्यांसमोर. हळद त्यांनी लावली होती. कचेरीतल्या कारकुनानं नवरीचे गाल पाहून काळजीनं विचारलं, कावीळ तर नाही ना झाली? कारखान्यातल्या मैत्रिणींनीही मग कौतुकानं गालाला लावून घेतली, आणि सासऱ्यानं नाकाला. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गाणी म्हटली. त्या कचेरीत आणि या मांडवात एकाच घडीला लग्न लागलं होतं, हे ऐकून वरबाप टेबलावर हात आपटून म्हणाला, “पाहा! साहेबाची करामत!”

माझी बदली झाली तरी ते घर सुटलं नाही. दर तिळसंक्रांतीला तिळगूळ, दर हिवाळ्यात वांग्याची टोपली. मी जिथे असेन तिथे. मुलगा, त्याची बायको आणि पुढे त्यांची मुलगी सुट्टीत आली की आधी माझ्या घरी येत आणि पाया पडत. ‘बरोबर मुहूर्त काढून देणारे साहेब,’ अशी माझी ओळख. ठाण्यातला हवालदार आणि तो शिपाई सोडले, तर सव्वाअकरा ते सव्वा हे दोन तास वरबाप आणि मी दोघांनाच माहीत होते. त्यानं आयुष्यात एकदाही त्यांचा उच्चार केला नाही. थट्टेतही नाही. रोजनामच्यात मी त्या दिवशी लिहिलं आहे: ‘आक्षेपार्ह काही न आढळल्याने सकाळी अकरा वीसला जाण्यास मुभा दिली.’ ही नोंद खोटी आहे. ती अजून कुठल्या तरी दप्तरात बांधलेली असेल, नसेल तर वाळवीनं खाल्ली असेल. मला फरक पडत नाही. माझ्या हाताचं अक्षर मला पाठ आहे.

वरबाप वारला त्या वर्षी मी सेवानिवृत्त झालो. दिवसकार्याला गेलो तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. वरमाय घरामागच्या भाजीच्या बाडीत मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. सत्तरीला आली तरी आवाज तसाच.

“या जी साहेब. तुमच्यापायी माया पोराचं...”

“माय, थांबा,” मी म्हणालो. “मला काही सांगायचं आहे.” आणि सगळं सांगितलं. हसलेला शिपाई, भाकर, आमटी, भिंतीवरचं घड्याळ, खोटी नोंद. मुहूर्ताचं गणित मला कसं आणि कधी सुचलं ते. बोलताना मी तिच्या हातांकडे पाहत होतो. जुड्या बांधणं थांबलं नव्हतं.

संपल्यावर तिनं हातातली जुडी पुरी केली. मग म्हणाली, “तुमचं सांगून झालं?”

“हो.”

“मंग आता माहं आयका.”

आणि तिनं मला ते दोन तास सांगितले. नवरदेव नाही, नवरी नाही, आता बापही नाही, असं नणंद सगळ्यांदेखत म्हणाली होती. साडेबारा झाले तेव्हा जोशीबुवांनी विचारलं, काय करायचं? ही म्हणाली, थांबा. एक वाजता पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाली, थांबा. लोक उठून जाऊ नयेत म्हणून ती घागर कमरेवर घेऊन पाणी वाटत फिरली. पुन्हा पुन्हा त्याच माणसांना. तहान नसलेल्यांनाही. कोणी घोट घेत आणि नजर चुकवत. हातात पाण्याचा गडवा असलेल्या माणसाला एकदम उठून जाता येत नाही, हे तिला तेव्हा सुचलं होतं. रडली असती तर मांडव रिकामा झाला असता, म्हणून ती रडली नाही. विहिरीवर नऊ चकरा झाल्या. तिनं मोजल्या होत्या.

“तुमच्या घरी आमटी होती मनता,” ती म्हणाली. “मी त्या दिवशी सकाळपासून काईच खाल्लं नव्हतं.”

त्या संध्याकाळची गोष्ट मी वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडून ऐकली आणि स्वतःही सांगितली. दुपारची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि मी कोणाला विचारली नव्हती. आयुष्यभर जबाब घेतले. चोराचा घेतला, साक्षीदाराचा घेतला. ज्याला मी स्वतः बसवून ठेवलं, त्याच्या घरी त्या वेळी काय चाललं असेल, हा जबाब कधी घेतला नाही. माणूस ठाण्यात एकटा बसलेला दिसतो. तो एकटा नसतो. त्याच्यासाठी कुठे तरी कोणी तरी लोकांना थांबवून धरत असतं. या प्रकरणानं मला एवढं शिकवलं, आणि ते शिकायला मी निवृत्त होईपर्यंतचा वेळ घेतला.

मी माफी मागितली. तिनं ‘माफ केलं’ असं म्हटलं नाही. मेथीची शेवटची जुडी टोपलीत टाकली, गुडघ्यावर हात देऊन उठली.

“चैतात नात येऊन राह्यली विलायतेहून,” ती म्हणाली. “तिचं लगन इथंच लावाचं मनते पोरगी. मांडवातच. तिकडले पंचवीसेक लोक येऊन राह्यले, तिच्या मायची बहीन, मैत्रिनी, सारे. तुमी येजा.”

“येईन.”

“संध्याकाळी नोका येऊ. सकाळी येजा. चैताचं ऊन, अन् गोऱ्या लोकायले तहान लय लागते. पानी वाटाले मानूस पायजे मले.”

मी सकाळी सहालाच गेलो. घागर तिनं स्वतः भरून माझ्या हातात दिली.